किमो संपली, गोळी चालूच

आमच्या आण्णांना, म्हणजे वडिलांना, २०२२ च्या सुरुवातीला लिम्फोमा, म्हणजे लसिका ग्रंथींचा कॅन्सर, निघाला. किमोबद्दल मराठीत वाचायला पुष्कळ मिळतं. केस जातात, तोंड येतं, पांढऱ्या पेशी खाली येतात, सगळं कुणीतरी लिहून ठेवलेलं आहे. पण आम्हाला किमो संपल्यानंतरही अडीच वर्षं ज्या गोष्टीनं धरून ठेवलं, तिच्याबद्दल मला तेव्हा मराठीत काहीच सापडलं नव्हतं. ती गोष्ट म्हणजे हेपटायटिस बी, आपल्याकडे ज्याला कावीळ ब म्हणतात. आण्णांना ती कधीतरी लहानपणी होऊन गेली होती, कुणाला पत्ताही नव्हता, आणि कॅन्सरच्या औषधानं ती पुन्हा उठण्याची भीती होती. डिसेंबर २०२४ मध्ये त्यातून सुटलो. मी डॉक्टर नाही. फलटणला एका पतसंस्थेत काम करते, त्यामुळे कागद तारीखवार लावून ठेवायची सवय आहे. त्या फाइलीवरूनच हे लिहितेय.

२०२१ च्या दिवाळीनंतर आण्णांच्या मानेला उजव्या बाजूला गाठ आली. दुखत नव्हती. गावातल्या डॉक्टरांनी आधी अँटिबायोटिकचा कोर्स दिला, मग टीबीची शंका घेतली. आपल्याकडे मानेची गाठ म्हटलं की पहिली शंका टीबीचीच येते, त्यात त्यांचं काही चुकलं असं मला वाटत नाही. सुईनं पाणी काढून तपासलं, त्यात काही धड कळेना. शेवटी सर्जननी सांगितलं की गाठ अख्खी काढून पाठवू, लिम्फोमाची शंका असली तर सुईवर भागत नाही. जानेवारी २०२२ मध्ये ओमायक्रॉनची लाट चालू होती. आरटीपीसीआर निगेटिव्ह आल्याशिवाय भरती करून घेत नव्हते, त्यात चार-पाच दिवस गेले. बायोप्सीचा पहिला रिपोर्ट आठवड्यात आला, पण कोणत्या जातीचा लिम्फोमा ते सांगणारी आयएचसी तपासणी आणखी दहा दिवस खात बसली. तो काळ सगळ्यात वाईट. आजार आहे एवढं कळलेलं असतं, नाव कळलेलं नसतं.

डिफ्यूज लार्ज बी सेल लिम्फोमा, सीडी२० पॉझिटिव्ह, स्टेज तीन. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक आणि काचपट्ट्या लॅबकडून मागून घ्या, हे इथंच सांगून ठेवते. दुसऱ्या रुग्णालयात गेलात की पहिल्यांदा तेच मागतात.

उपचार ठरला आर-चॉप, म्हणजे किमोच्या औषधांचा एक ठरलेला संच, दर २१ दिवसांनी एक, अशा सहा सायकल. त्यातला आर म्हणजे रिटुक्सिमॅब. हे औषध बी पेशींवरच्या (पांढऱ्या पेशींचाच हा एक प्रकार) सीडी२० नावाच्या प्रथिनाला जाऊन चिकटतं आणि त्या पेशी संपवतं, रोगी पेशीही आणि चांगल्याही. लिम्फोमासाठी हे औषध म्हणजे मोठा आधार. पण जुन्या विषाणूंवर पहारा ठेवायचं काम याच बी पेशी करत असतात, ही त्यातली मेख आम्हाला नंतर कळली.

आम्ही आधी ज्या रुग्णालयात गेलो तिथं किमोची तारीखसुद्धा मिळाली होती. रक्ताच्या तपासण्यांत 'व्हायरल मार्कर्स' म्हणून तीन होत्या: एचआयव्ही, हेपटायटिस सी आणि एचबीएसएजी, म्हणजे हेपटायटिस बीची नेहमीची तपासणी. तिन्ही निगेटिव्ह. आम्ही सुटकेचा श्वास टाकला. पण तिथं सरकारी योजना लागू नव्हती आणि एकट्या रिटुक्सिमॅबचा खर्च ऐकून दादानं, माझ्या भावानं, दुसरीकडे चौकशी केली. त्यातून पुण्यातल्या एका ट्रस्टच्या रुग्णालयात पोहोचलो.

तिथल्या हिमॅटॉलॉजिस्ट, म्हणजे रक्तविकारतज्ज्ञ, मॅडमनी फाइल शांतपणे उलटली. रक्ताच्या रिपोर्टवर आल्या, एचबीएसएजीच्या ओळीखाली पेननं रेघ मारली आणि विचारलं, "अँटी-एचबीसी टोटल कुठंय?" आम्ही एकमेकांकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ती आल्याशिवाय रिटुक्सिमॅब सुरू करणार नाही."

मला जे समजलं ते असं. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे आणि दिसतोय. ती निगेटिव्ह आली की लोक समजतात, प्रश्न मिटला. पण ज्याला पूर्वी कधी ही लागण होऊन बरी झाली, त्याची एचबीएसएजी निगेटिव्हच येते. त्याच्या रक्तात जुन्या भेटीची खूण राहते, ती अँटी-एचबीसी टोटलमध्ये दिसते. लस घेतलेल्याची ही चाचणी पॉझिटिव्ह येत नाही, कारण लशीत विषाणूचं फक्त बाहेरचं प्रथिन असतं. तिसरी चाचणी अँटी-एचबीएस, ती संरक्षण किती शिल्लक आहे ते सांगते.

आता गंमत बघा. कलेक्शन सेंटरनं रक्त घेतलं, रिपोर्ट दुसऱ्या दिवशी मोबाइलवर आला: अँटी-एचबीसी, नॉन-रिॲक्टिव्ह. मी तो मॅडमना पाठवणार तोवर नजर वरच्या ओळीवर गेली. तिथं आयजीएम लिहिलं होतं. चिठ्ठीवर टोटल होतं. आयजीएम फक्त ताजी लागण दाखवते, पन्नास वर्षांपूर्वीची नाही. काउंटरवरच्या मुलाचं म्हणणं, "दोन्ही एकच असतं ताई." एकच नसतं. पुन्हा रक्त, पुन्हा साधारण नऊशे रुपये, पुन्हा दोन दिवस. तेव्हा बिल करतानाच 'टोटल' हा शब्द बिलावर आलाय का ते बघा. आणि पेशंटला रक्त किंवा इम्युनोग्लोब्युलिन चढवायचं असेल तर हा नमुना त्याआधी द्या. दुसऱ्याच्या रक्तातल्या अँटिबॉडी पेशंटच्या रिपोर्टमध्ये दिसू शकतात, मग खरं काय ते कळत नाही.

या वेळी रिपोर्ट आला: रिॲक्टिव्ह. अँटी-एचबीएस होती, पण अगदी कमी.

आण्णा ऐकायलाच तयार नाहीत. "मला जन्मात कावीळ झालेली नाही. आणि मी दर शिबिरात रक्त देत आलोय. तिथं कधी कुणी काही बोललं नाही." मलाही तो मुद्दा पटला होता. मॅडमनी सांगितलं की रक्तपेढीत एचआयव्ही, हेपटायटिस बी, हेपटायटिस सी, सिफिलिस आणि मलेरिया तपासणं सक्तीचं आहे, पण हेपटायटिस बीसाठी बघतात ती एचबीएसएजी. अँटी-एचबीसी आपल्याकडे सक्तीची नाही. लहानपणी लागण झालेल्यांचे डोळे बहुतेक वेळा पिवळे होतच नाहीत, त्यामुळे कावीळ झाल्याचं कुणाला आठवत नाही, हेही त्यांनीच सांगितलं.

मग कुठून आलं, यावर घरात बरीच चर्चा झाली. आण्णांच्या लहानपणी गावात एक डॉक्टर सायकलवर यायचे. स्टीलच्या डबीत काचेची सिरिंज, ती स्टोव्हवर उकळायची आणि एकामागून एक पोरांना टोचायची. आण्णांना त्या डबीचा आवाजसुद्धा आठवतो. तिथूनच आलं असं कुणी छातीठोक सांगू शकणार नाही. आईकडून बाळाला येतं, रक्तातून येतं, शरीरसंबंधातून येतं. मॅडमनी या चौकशीत वेळ घालवू नका म्हणून स्पष्ट सांगितलं, आणि घरातल्या कुजबुजीला तिथंच लगाम बसला ते बरं झालं.

हेपटायटिस बी बरा झाला तरी त्याचा मूळ धागा यकृताच्या पेशींच्या आत, केंद्रकात, राहून जातो. तो काढणारं औषध आजही नाही. प्रतिकारशक्ती जागेवर असेपर्यंत तो डोकं वर काढत नाही. हे सगळं ऐकून आण्णा म्हणाले, "म्हणजे कुंदा." ज्यांनी काळ्या रानातलं हे चिवट तण खांदलाय त्यांना वेगळं सांगायला नको. रान स्वच्छ दिसतं, मुळी खाली तशीच असते. मॅडम शहरातल्या, त्यांना कुंदा माहीत नव्हता. आण्णांनी त्यांना दोन मिनिटं समजावून सांगितला. त्या दिवसापासून दोघांचं जमलं.

विषाणूची मोजणी, एचबीव्ही डीएनए, साडेचार हजाराला पडली. चार दिवसांनी रिपोर्ट आला, 'नॉट डिटेक्टेड'. मला वाटलं आता गोळीची गरज नाही. मॅडमनी दोन रस्ते समोर ठेवले. एक, गोळी द्यायची नाही, दर महिन्याला डीएनए तपासत राहायचं आणि वाढला की लगेच औषध सुरू करायचं. दुसरा, आधीपासूनच रोज एक गोळी. रिटुक्सिमॅब असेल तर त्यांचा कल सरळ दुसऱ्याकडे होता. हाँगकाँगच्या डॉक्टरांनी २००९ मध्ये आण्णांसारख्याच पेशंटची, म्हणजे एचबीएसएजी निगेटिव्ह आणि अँटी-एचबीसी पॉझिटिव्ह असलेल्यांची, पाहणी प्रसिद्ध केली होती. आर-चॉप घेतलेल्या २१ जणांपैकी ५ जणांत विषाणू उठला, रिटुक्सिमॅबशिवाय नुसती चॉप घेतलेल्या २५ जणांत एकाचाही नाही. आकडे लहान आहेत, पण पाचातल्या एकाच्या जागी आपला माणूस उभा केला की लहान वाटत नाहीत. २०१३ मध्ये अमेरिकेच्या एफडीएनं रिटुक्सिमॅबच्या माहितीपत्रकावर हा धोका ठळक चौकटीत छापायला लावला. आण्णांच्या इंजेक्शनच्या खोक्यातला तो बारीक अक्षरांचा कागद मी नंतर उलगडून वाचला. चौकट होती.

महिनोन् महिने साडेचार हजाराची तपासणी करून रिपोर्टची वाट बघत बसण्यापेक्षा गोळी बरी, असं आम्हीही ठरवलं. आण्णांची क्रिएटिनिन, म्हणजे किडनीची तपासणी, थोडी वर होती, म्हणून टेनोफोव्हिरऐवजी एन्टेकॅव्हिर ०.५ मिलिग्रॅम. किमो यासाठी पुढे ढकलली नाही. गोळी आधी सुरू झाली आणि आठवड्याभरात पहिली सायकल.

ही गोळी रिकाम्या पोटी घ्यायची असते. जेवणानंतर दोन तास आणि पुढच्या खाण्याआधी दोन तास. चिठ्ठीवर नुसतं 'रात्री १' लिहिलेलं असतं आणि मेडिकलवाला पाकिटावर 'जेवणानंतर'ची खूण करून देतो. सकाळी रिकाम्या पोटी घ्यावी तर आण्णा पाच वाजता चहा घेणारे, त्यात किमोच्या पाच दिवसांत सकाळी नाश्त्यानंतर स्टिरॉइडच्या गोळ्यांचा मोठा डोस. शेवटी साडेसातला जेवण आणि रात्री दहाला गोळी असं बसवलं. दहाचा अलार्म आण्णांच्या फोनवर लावला, आईच्याही फोनवर लावला. दोन्ही एकदम वाजायचे आणि कुत्रं भुंकायचं. गल्लीला कळायचं की गोळीची वेळ झाली.

योजनेचं सांगते, कारण त्यात खूप जण अडकतात. आमचं केशरी रेशन कार्ड, त्यावर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना. त्या वेळी कुटुंबाला वर्षाला दीड लाखाची मर्यादा होती, पुढे ती पाच लाखांपर्यंत वाढवली. रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात, पहिली भेट त्यांची. रेशन कार्ड, आधार, बायोप्सी, डॉक्टरांची चिठ्ठी आणि पेशंटचा जागेवर फोटो. आमचं घोडं नावावर अडलं. आधारवर आण्णांचं नाव पूर्ण, रेशन कार्डावर घरात हाक मारतात ते. ऑनलाइन नोंद बदलून बारा अंकी नंबरचा उतारा घेऊन या, असं सांगितलं. ज्या कार्यालयात ते काम होतं तिथं पहिल्या दिवशी साहेब नव्हते, दुसऱ्या दिवशी सर्व्हर नव्हता, तिसऱ्या खेपेला दोघंही होते तर अर्जावर तलाठ्याची सही नव्हती. दादा शेवटी सकाळी कार्यालय उघडायच्या आधी दारात जाऊन बसला. तुमचं निदान व्हायच्या आधीच, म्हणजे आजच, घरातल्या सगळ्यांची आधार आणि रेशन कार्डावरची नावं जुळवून बघा. योजनेची माहिती १५५३८८ वर फोन करून मिळते.

प्रत्येक सायकलची मंजुरी आमच्याकडे वेगळी घ्यावी लागायची. किमो त्यात बसली. एन्टेकॅव्हिर आणि डीएनएच्या तपासण्या खिशातून. गोळी सुरुवातीला महिन्याला दोन हजारांच्या वर जायची. मग जेनेरिकमध्ये विचारलं, तिथं निम्म्याहून कमी. कंपनी बदलली तर चालेल का, हे मॅडमना विचारूनच बदलली.

पहिलं रिटुक्सिमॅब मार्चच्या पहिल्या आठवड्यात. आधी पॅरासिटामॉल, ॲव्हिल, हायड्रोकॉर्टिझोन. मग पंपावर अगदी हळू सुरुवात, आणि दर अर्ध्या तासानं वेग थोडा वाढवायचा. दीडेक तास बरा गेला. आण्णा शेजारच्या पलंगावरच्या माणसाशी उसाच्या दराबद्दल बोलत होते आणि बोलता बोलता त्यांचे दात वाजायला लागले. अंगावर दोन ब्लँकेटं टाकली तरी पलंग हलत होता. सिस्टर धावल्या नाहीत, चालतच आल्या, पंप बंद केला, एक इंजेक्शन दिलं, आणि मला म्हणाल्या, "पहिल्या वेळी होतं ताई, तुम्ही पाणी प्या." अर्ध्या तासानं कमी वेगात पुन्हा सुरू. सकाळी नऊला बसलेलो, संध्याकाळी सातला सुटलो. दुसऱ्या सायकलपासून असं काही झालं नाही. पहिल्या दिवशी परतीची गाडी ठरवू नका, एवढंच सांगते.

दरम्यान घरच्यांची तपासणी. मॅडमचा आग्रह होता की आण्णांची पत्नी, मुलं आणि सख्खी भावंडं यांनी एकदा हेपटायटिस बी बघून घ्यावा. आण्णांची एचबीएसएजी निगेटिव्ह, त्यामुळे त्यांच्यापासून कुणाला धोका होता असं नाही. एका ताटात जेवल्यानं, मिठी मारल्यानं हा विषाणू पसरत नाही, हे मी घरात आणि शेजारी इतक्यांदा सांगितलं की तोंडपाठ झालं. तरी एका नातेवाइकांनी आमच्याकडे चहा घ्यायचं टाळलं. असो. आई, दादा, मी तिघंही निगेटिव्ह. तिघांनी लस घेतली: आज, महिन्यानं आणि सहा महिन्यांनी. आमच्या पिढीला लहानपणी ही लस मिळालेली नव्हती. सरकारी लसीकरणात ती देशभर २०११ च्या सुमारास आली.

तात्या, म्हणजे आण्णांचे धाकटे भाऊ, तपासणीला यायला तयार नव्हते. "मला काय झालंय? पोतं उचलतो मी." आजीनं रागावल्यावर आले. आणि त्यांची एचबीएसएजी पॉझिटिव्ह निघाली. म्हणजे ज्यांना कॅन्सर झाला त्यांच्यात विषाणू झोपलेला आणि जे ठणठणीत त्यांच्यात तो चालता-फिरता. तात्या दोन दिवस कुणाशी बोलले नाहीत. काकूंची आणि मुलांची तपासणी झाली, ते सगळे निगेटिव्ह, त्यांनाही लस दिली. राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम २८ जुलै २०१८ ला सुरू झालेला आहे, त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. तात्यांची नोंद तिथं केली. त्यांचा डीएनए कमी आणि यकृत चांगलं, म्हणून औषध नाही, पण दर सहा महिन्यांनी हजेरी.

डे-केअरमध्ये महिन्याभरानं चेहरे ओळखीचे होतात. तिथं सांगलीकडचे एक मामा मायलोमासाठी (हाही रक्ताचाच एक कॅन्सर) बोर्टेझोमिब हे औषध घ्यायला यायचे. एकदा आले ते कमरेवर गेरू फासून. चार दिवसांपासून आग होत होती, मग पट्ट्यासारखे फोड आले. गावात सांगितलं नागीण आहे, तोंड आणि शेपूट जुळू देऊ नका, आणि एकानं मंत्रून गेरू लावला. सिस्टरनी तो ओल्या कापसानं पुसला तेव्हा मामांच्या डोळ्यांत पाणी आलं, इतकं झोंबत होतं. नागीणही तसलीच गोष्ट. लहानपणीच्या कांजिण्यांचा विषाणू मज्जातंतूंच्या गाठीत दबा धरून राहतो आणि प्रतिकारशक्ती खाली आली की त्या मज्जातंतूच्या वाटेनं बाहेर येतो. बोर्टेझोमिबवाल्यांना म्हणूनच ॲसायक्लोव्हिरची गोळी रोज देतात. मामांनी ती मध्येच बंद केली होती, गोळ्या फार झाल्या म्हणून. फोड आल्यापासून ७२ तासांच्या आत औषध सुरू झालं तर जास्त फायदा होतो, पण किमोच्या पेशंटनं उशीर झाला म्हणून घरी बसायचं नसतं. मामांना त्याच दिवशी भरती केलं. आण्णांनी त्यानंतर आपल्या गोळ्यांबद्दल कुरकुर केल्याचं मला आठवत नाही.

चौथ्या सायकलच्या आधी मात्र आमची झोप उडाली. प्रत्येक सायकलआधी यकृताची तपासणी व्हायची, त्यात एसजीपीटी, म्हणजे यकृताला इजा झाली की जी वाढते ती, एकदम शंभरच्या वर. गोळी एकदाही चुकली नव्हती. डीएनए पुन्हा पाठवला आणि किमो एक आठवडा पुढे गेली. मॅडमनी आण्णांना विचारलं, दुसरं काही घेताय का? आण्णा गप्प. मग निघालं की आत्या आल्यापासून रोज सकाळी गुळवेलाचा काढा चालू होता. शक्ती यावी म्हणून. आत्याचा हेतू चांगलाच होता. पण गुळवेलानंतर यकृताला इजा झालेले रुग्ण मुंबईतल्या डॉक्टरांनी २०२१ मध्ये नोंदवले होते, आणि तसंही किमो चालू असताना एसजीपीटी वाढली की कारण किमो, विषाणू की काढा, हे शोधण्यात वेळ जातो. डीएनए 'नॉट डिटेक्टेड' आला. काढा बंद केल्यावर एसजीपीटी उतरली. काढ्यानंच वाढली होती असं मॅडमनी ठाम सांगितलं नाही, पण आत्यांना फोन त्यांनी स्वतः केला.

शेवटची सायकल जूनच्या अखेरीस झाली. दोन वर्षांच्या कोरोनाच्या खंडानंतर त्या वर्षी वारी पायी निघाली होती आणि माउलींची पालखी फलटणला येणार होती. पालखीचा मुक्काम विमानतळाच्या मैदानावर असतो, आण्णांना तिथं पालखीपुढं लोटांगण घालायचं होतं. पांढऱ्या पेशी तेराशेवर उतरलेल्या. मॅडमचं उत्तर 'नाही' असं सरळ आलं. मग ओळखीच्यांच्या गच्चीवरून, मास्क लावून, लांबून दर्शन घेतलं. रागावले, पण घेतलं.

ऑगस्टमध्ये पेट-सीटी झाला. रोग कुठं दिसत नव्हता. पेढे वाटले. आणि इथून या सगळ्यातला खरा जोखमीचा काळ सुरू झाला, जो मला कुणी नीट समजावून सांगितला नसता तर घरात कुणालाच कळला नसता. रिटुक्सिमॅबनं गेलेल्या बी पेशी परत यायला सहा महिने ते वर्ष लागतं, कधी जास्त. तेवढ्या काळात विषाणूला रान मोकळं. आणि तो वाढलेला असताना प्रतिकारशक्ती परतली की ती यकृताच्या लागण झालेल्या पेशींवर तुटून पडते, तेव्हा कावीळ होते, काही जणांचं यकृत निकामी होण्यापर्यंत मजल जाते. म्हणजे पेशंट डोक्यावर नवे केस घेऊन लग्नकार्यात फिरत असतो तेव्हा. शेवटच्या रिटुक्सिमॅबनंतर किमान १२ महिने गोळी चालू ठेवा, असं अमेरिकेतली यकृततज्ज्ञांची संघटना सांगते. युरोपातली १८ महिने सांगते. मॅडमनी आण्णांसाठी १८ धरले. डिसेंबर २०२३.

रुग्णालयाच्या शेवटच्या कार्डावर औषधांच्या यादीत गोळीचं नाव होतं, किती दिवस ते नव्हतं. मी मॅडमना विनंती करून 'शेवटचं रिटुक्सिमॅब कधी, गोळी कधीपर्यंत, कुणाला विचारल्याशिवाय बंद करू नये' असं शिक्क्यानिशी लिहून घेतलं. त्या कागदाचा उपयोग किती झाला म्हणून सांगू! मेडिकलवाल्यानं विचारलं, "कॅन्सर गेला ना, मग ही कशाला?" गावातल्या डॉक्टरांनी विचारलं. २०२३ च्या उन्हाळ्यात आण्णांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, तिथं 'नेहमीची औषधं दोन दिवस बंद' असं सरसकट सांगितलं होतं, तोच कागद दाखवल्यावर गोळी चालू राहिली. आण्णांना स्वतःलाही कंटाळा आला होता. "रोग नाही, विषाणू दिसत नाही, आणि गोळी कसली खातोय मी?" दर तीन महिन्यांनी पुण्याला जाऊन यकृताची तपासणी आणि अधूनमधून डीएनए. मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं, तेव्हा आण्णा म्हणायचे, तू एकटीच जाऊन रिपोर्ट दाखवून ये, स्वस्तात पडेल.

डिसेंबर २०२३ मध्ये गोळी बंद केली. मला वाटलं होतं त्या दिवशी हलकं वाटेल. उलट भीती वाढली, कारण बंद केल्यावरही विषाणू उठू शकतो आणि म्हणून पुढचं वर्षभर तपासण्या चालूच ठेवायच्या असतात. पहिले काही महिने आण्णांनी जांभई दिली तरी आई त्यांच्या डोळ्यांचा पांढरा भाग बघायची. थकवा, मळमळ, गडद लघवी, डोळे पिवळे यांतलं काही दिसलं तर वाट न बघता यायचं, असं सांगून ठेवलेलं होतं. २०२४ च्या गणपतीत एकदा दोन दिवस मळमळलं. तेव्हा तपासणी केली, सगळं ठीक निघालं. मोदक जास्त झाले होते.

शेवटचा डीएनए डिसेंबर २०२४ मध्ये झाला, नॉट डिटेक्टेड. एसजीपीटी २८. मॅडमनी हेपटायटिसची तीन-तीन महिन्यांची हजेरी बंद केली. लिम्फोमासाठी सहा महिन्यांनी जायचंय. अँटी-एचबीसी मात्र जन्मभर पॉझिटिव्ह राहणार. पुढं कधी संधिवातासाठी, किडनीसाठी, कशासाठीही रिटुक्सिमॅब किंवा बरेच दिवस स्टिरॉइड द्यायची वेळ आली तर हे आधी सांगायचं आहे. म्हणून तो रिपोर्ट मी फाइलीच्या सगळ्यात वर लावलाय आणि त्याचा फोटो दादाच्या, माझ्या आणि आण्णांच्या फोनमध्ये आहे.

तात्यांची पुढची तारीख मार्चमध्ये आहे. गव्हाच्या काढणीत येते म्हणून ते आत्तापासून चिडलेत. आण्णांनी सांगितलंय, मी येतो बरोबर.